मागाचा खड्डा आणि काकूची विहीर

आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत जात नसे. शेजारच्या घरून भाजी आली, वरण आलं, सणाचं गोडधोड आलं, तर ती वाटी धुऊन, पुसून, तिच्यात काही ना काही घालूनच परत करायची. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. साखरही नसली तर वाटी फळीवर थांबवून ठेवायची आणि विचारणाऱ्याला "हाव ना, आणून देते ना" म्हणत दोन दिवस काढायचे. माझ्या आईचा या बाबतीत मोठा ताठा. एकदा मी घाईत काकूची वाटी तशीच रिकामी घेऊन निघाले, तर आईनं मला गल्लीतूनच परत बोलावून सगळ्यांसमोर धपाटा घातला होता. "रिकामी वाटी देते का वं कोणाले? भिकारी समजते काय ते आपल्याले!" पाठीवरचा तो धपाटा अजून आठवतो, म्हणूनच की काय, आजही मी सोसायटीतल्या कुणाचा प्लास्टिकचा डबासुद्धा रिकामा परत करत नाही. बायका हसतात. हसोत बापड्या.

काकू म्हणजे गिरजाकाकू, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. काका लवकर गेले. एक मुलगी, सुनी, माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा दुप्पट आगाऊ. काकूच्या मागच्या अंगणात विहीर होती आणि त्या विहिरीवर काकूचं घर चालायचं, कारण काकू कुरडया करून विकायची. होळी जवळ आली की तिच्या अंगणात गव्हाचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, मांडले जायचे. तीन दिवस गहू भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, निवू द्यायचा, वरचं पाणी ओतून तो मोठ्या गंजात शिजवायचा. चीक शिजू लागला की त्याचा बुदबुद बुदबुद आवाज भिंतीपलीकडून आमच्याकडे ऐकू यायचा आणि मी जे काही करत असेन ते टाकून पळायचे. गरम चीक, त्यावर कच्चं तेल, वाटलं तर साखर. बोटं भाजायची, जीभ भाजायची, पण थांबतं कोण! उरलेला चीक सोऱ्यातून छतावर पसरलेल्या धोतरावर पडायचा आणि दोन दिवसांत कापसासारख्या पांढऱ्या कुरडया तयार. लग्नाच्या रुखवतात काकूचीच कुरडई पाहिजे, असं नागपूरच्या इतवारी बाजारातले दुकानदार म्हणायचे. "माह्या विहिरीच्या पाण्याची करामत हाय," काकू म्हणायची. "नळाच्या पाण्यात अशी फुलत नाही."

आणि आमच्या घरी माग होता. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांत माग होते, सकाळपासून खटक-खट, खटक-खट चालायचं, त्यामुळे आम्ही पोरं बोलायचोच मोठ्यानं. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, आम्ही बहिरे नाही." मागाखाली जमिनीत कमरेएवढा खड्डा असतो, त्यात पाय सोडून विणकर बसतो. बाबा त्या खड्ड्यात उतरले की कमरेपासून खालचे दिसेनासे व्हायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांना पाय फक्त जेवायच्या वेळी फुटतात.

बाबा नऊवारी लुगडी विणायचे. ती गांधीबागेतल्या कापडबाजारात जायची. पण मी शाळेत जाऊ लागले तोवर गांधीबागेतच बाहेरगावचं कापड ट्रकांनी उतरू लागलं होतं, गुळगुळीत, छापील, धुवायला सोपं. आमच्या गल्लीतून माल जायचा कमी आणि गल्लीत यायचा जास्त. हे मला कुणी समजावलं नाही, मी ते आईच्या अंगावर पाहिलं. एका नागपंचमीला आई नवं पातळ नेसून उभी राहिली, आकाशी, त्यावर पांढरी फुलं. बाबा खड्ड्यातून मान वर करून बघतच राहिले. "हे कुठचं?" आई म्हणाली, "गांधीबागेतलं." "मी काय इथी माशा मारून राहिलो?" आई पदर सारखा करत म्हणाली, "तुमचं लुगडं वाळाले दोन दिवस लागते. हे तासाभरात वाळते. मले काय दोनच हात हायेत." त्या दिवशी माग दुपारीच थांबला. विणकराची बायको बाहेरचं पातळ नेसते म्हटल्यावर गांधीबागेतल्या गिऱ्हाइकाला काय नावं ठेवायची!

पुढच्या दोन वर्षांत माग बंद झाला. लाकडं कुणी नेली ते आठवत नाही, काही चुलीत गेली एवढं खरं. खड्डा मात्र राहिला. घराच्या मधोमध तो कमरेएवढा खड्डा, त्यावर फळ्या टाकल्या, त्यात कांदे ठेवले. त्या दिवसांत काकूच्या घरून आमच्याकडे वाट्या फार येऊ लागल्या. कधी झुणका, कधी अंबाडीची भाजी, कधी उगाच "जास्त झालं वं" म्हणून पातेलंभर वरण. आमच्याकडून परत जायची ती साखर. आठवड्यात तीनदा साखर. आई साखर घालताना चिमूट लहान-मोठी करत बसायची आणि मग माझ्या हातात वाटी देऊन दुसरीकडे बघायची. माझी नात ऋतू मिहानमधल्या एका कंपनीत आकडेमोडीचं काम करते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, म्हणजे तुमची व्यापारी तूट होती." असेल बाई. आम्ही त्याला लाज म्हणायचो.

मग बाबांना सूत रंगवायचं काम मिळालं. पॉवरलूमवाल्या एका शेठला रंगीत सूत हवं होतं, लग्नसराईसाठी, आणि सगळ्यात जास्त राणी रंग. गंमत बघा, ज्या यंत्रानं माग खाल्ला त्याच यंत्राला सूत रंगवून द्यायचं. पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. अंगणात चूल मांडली, मोठी घमेली आणली, आणि महिन्याभरात आमचं घर राणी रंगाचं झालं. दोरीवर सुताच्या लडी, बाबांचे हात कोपरापर्यंत राणी, नाकाच्या शेंड्यावर राणी ठिपका. बाबा पुन्हा शीळ घालू लागले. आमच्या घरी नळ आला, म्हणजे काकूच्या विहिरीवर पाणी भरायला जाणं सुटलं. आणि रविवारी वडाभात होऊ लागला. आई डाळीचे वडे तळायची, ते कुस्करून भातात, वर लसणाची फोडणी, लाल मिरची कडकडीत. पहिली वाटी काकूकडे जायची, अगदी शिगोशीग. ती देताना आईची मान अशी उंच असायची की शेपटा पाठीवर लांब दिसायचा. कधी गोळाभात, कधी पाटवडीचा रस्सा. आता काकूच्या घरून साखर येऊ लागली. "पाहा," आई म्हणायची, "दिवस फिरते माणसाचे."

आता त्या खड्ड्याचं सांगते. गल्लीत आणखी तीन-चार घरी रंगाचं काम चालायचं, ते लोक उरलेलं रंगाचं पाणी सरळ नालीत सोडायचे. नाली कधी निळी, कधी हिरवी, कुणाच्या दारात तुंबली की भांडण ठरलेलं. बाबांना हे आवडायचं नाही. उतार काकूच्या दाराकडे होता, आपलं पाणी तिच्या उंबऱ्याशी जायचं हे त्यांना पटेना. मग त्यांना युक्ती सुचली. मागाच्या खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या, कांदे हलवले, आणि रोजचं रंगाचं पाणी त्या खड्ड्यात ओतू लागले. संध्याकाळी खड्डा काठोकाठ, सकाळी रिकामा! बाबा लहान मुलासारखे खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "पाहा गा, कितीही ओता, पिऊन टाकते. आपला रंग आपल्या घरात. कोणाले तरास नाही." सगळे म्हणायचे, वा, डोकं आहे. इतकी वर्षं ज्या खड्ड्यात पाय सोडून बसले, तो बाबांना घरातल्या माणसासारखा वाटायचा. आपल्या माणसाबद्दल कोण शंका घेतं?

भिंतीपलीकडे, त्या खड्ड्यापासून पंधरा हातांवर, काकूची विहीर होती.

मला ते सगळ्यात आधी कळलं. माघ संपत आला होता. सुनीनं विहिरीतून बादली ओढली आणि म्हणाली, "शकू, पाह्य वं, सरबत!" पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यात पाणी घेतलं तर अगदी फिकट गुलाबी झाक. आम्ही बाहुलीचं लग्न लावलं आणि वऱ्हाडाला ते सरबत म्हणून वाढलं. सुनी हसत होती, मीही हसत होते. पण तो रंग मी ओळखला होता. रोज जेवताना बाबांच्या हातावर बघत होते ना! घरी जाऊन सांगावं असं दहादा मनात आलं. मग बाबांची शीळ ऐकू यायची. आणि खरं सांगते, आज लपवून काय करू, मला वडाभात सोडवत नव्हता. मी गप्प बसले.

होळीच्या तोंडावर काकूनं गहू भिजवला. इतवारीच्या दुकानदारानं त्या वर्षी सगळ्या हंगामाचा माल तिच्याकडूनच घ्यायचं कबूल केलं होतं. त्यावर सुनीची पुढच्या वर्षाची शाळा आणि घराचं वर्षभराचं सगळं अवलंबून होतं. पहिला चीक निघाला तो गुलाबट. काकूला वाटलं गहूच खराब. धान्यवाल्याच्या दुकानात जाऊन तिनं असा आवाज काढला की बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुसरं पोतं दिलं. दुसरा चीकही तसाच. कुरडया वाळल्या तर जुन्या लुगड्यासारख्या मळकट गुलाबी दिसू लागल्या. दुकानदारानं टोपली उचलून परत काकूच्या हातात दिली. "बाई, रुखवतात मांडाच्या हायेत. पांढरी कुरडई पाहिजे." बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या बाईला काम देऊन टाकलं.

आईला फक्त एवढंच कळलं की काकूचा माल परत आला. तिला खरोखर वाईट वाटलं. रविवार होता. तिनं वडाभाताची वाटी भरली, वर एक वडा जास्तीचा ठेवला. "ने, म्हणा माय म्हणते, काळजी नका करू, आम्ही हाओत." मी दिली आणि काकूकडे न बघता पळून आले. तासाभरानं सुनी आमच्या दारात उभी. दोन्ही हातांत काकूची वाटी, वर पळसाचं पान झाकलेलं. ती नेहमीसारखी आत आली नाही. "मायनं देल्लं," म्हणाली आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली. आईनं पान काढलं. वाटीत पाणी होतं. काठोकाठ, फिकट गुलाबी.

आईला काही उमजेना. "हे काय वं? सरबत पाठवलं काय?" बाबा पुढे आले. वाटीपाशी उकिडवे बसले. मग त्यांनी न रंगवलेल्या लडीतून वीतभर पांढरं सूत तोडलं, वाटीत बुडवलं, पिळलं, आणि उन्हात दोरीवर टाकलं. रंगाऱ्याची रीत आहे ती. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, सुताला विचारायचं. सूत वाळेपर्यंत वडाभात निवून गेला. वाळलेलं सूत बाबांनी आपल्या मनगटाला लावून पाहिलं. "आपलाच हाय," ते म्हणाले.

मी रडायलाच लागले. "बाबा, मले माहीत होतं. मी पायलं होतं विहिरीत." मला वाटलं आता मार बसेल. बसला असता तर बरं झालं असतं. बाबा म्हणाले, "तू पोर हायेस. मी तर खड्ड्याले रोज पाजून राहिलो. तो पिते, एवढंच पाह्यलं. पिऊन जाते कुठी, हे इचारलंच नाही."

आई मात्र उसळली. "तुम्ही एकटेच रंगवता काय? बाकीचे नालीत सोडते, त्यांले कोणी काही म्हणत नाही!" "त्यांचं दिसते वं," बाबा म्हणाले. "दिसते म्हणून लोक भांडते तरी. आपलं दिसलंच नाही, अन् मी गावभर शहाणपण सांगत फिरलो." "काम बंद केलं तर खाचं काय?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी घमेली उपडी घातली आणि शेठला निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी सायकल काढून ते शहराबाहेर वाडीला गेले आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवायचं काम धरून आले. कुठला माल म्हणाल तर बाहेरगावच्या कापडाच्या गाठी. "ज्यानं माग बंद पाडला तेच आता पाठीवर घेऊन राहिलो," असं स्वतःच म्हणून हसले. आईला हसू आलं नाही. वडाभात बंद झाला, हे सांगायला नकोच.

सुट्टीच्या दिवशी बाबा खड्डा खणू लागले. रंग प्यायलेली सगळी माती काढायची, असं त्यांनी ठरवलं. माती निघाली, पण टाकायची कुठे? पोत्यात भरून सायकलला बांधून ते निघाले. नाल्याकाठी गेले तर तिथे धोबी कपडे धुतात. मोकळ्या मैदानात गेले तर तिथे गाई चरतात. रस्त्याच्या कडेला थांबले तर एक म्हातारी ओरडली, "काय टाकून राहिला गा? माह्यं घर हाय ना इथी!" दिवसभर फिरून संध्याकाळी पोतं जसंच्या तसं परत. "नागपुरात कोणाचीच नाही अशी जागाच नाही," बाबा घामाघूम होऊन म्हणाले. शेवटी त्यांनी ती माती शेणात कालवली आणि आमच्याच घराच्या आतल्या भिंतींना लिंपली, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही. आमच्या भिंती कायमच्या गुलाबी झाल्या. पाहुणे म्हणायचे, वा, काय रंग काढला आहे! आई पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायची.

परवा ऋतू मला सांगत होती की एकाचा धंदा आणि दुसऱ्याच्या माथी त्रास, याला पुस्तकात नकारात्मक बाह्यता म्हणतात. मी तिला खिडकीपाशी नेलं. आमच्या एसीचा पंखा समोरच्या जोशीवहिनींच्या स्वयंपाकघरात गरम हवा फेकतो, त्या बिचाऱ्या मेच्या उन्हाळ्यात खिडकी बंद करून पोळ्या लाटतात. "ही काय मग?" म्हटलं. ऋतू म्हणाली, "अगं हो की!" आणि आम्ही दोघी एसी लावूनच झोपलो. सांगायला मी मोठी, पण तसं पाहिलं तर वडाभात अजून सुटलेला नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांनी काकूला न विचारता तिच्या विहिरीत शिडी सोडली. काकू दारात आली, बघून आत गेली, नको म्हणाली नाही. बाबांनी आणि गल्लीतल्या दोघांनी मिळून विहीर उपसली, गाळ काढला. नवं पाणी आलं तेही गुलाबट. पावसाळा गेला. दिवाळीत पुन्हा उपसली. काकू त्या वर्षी लोकांकडे स्वयंपाकाला जाऊ लागली होती, सुनीची शाळा सुटली होती. भिंतीपलीकडून बुदबुद आवाज आला नाही. ती वाटी आमच्या फळीवर पालथी पडून होती, कारण पाळी आमची होती आणि तिच्यात काय घालायचं ते आईला सुचत नव्हतं. एकदा तिनं साखर घातलीसुद्धा, मग पुन्हा डब्यात ओतली. "साखर कशी देऊ वं हिच्यात?" आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. सुनी रस्त्यात भेटली की आम्ही दोघी चपलांकडे बघत जायचो. मला तिची इतकी आठवण यायची की मी एकटीच भिंतीला कान लावून बसायचे, तिचा आवाज येतो का म्हणून.

दर महिन्याला बाबा विहिरीचं पाणी काढून त्यात पांढरं सूत बुडवायचे आणि उन्हात घालायचे. त्या सुतांचे तुकडे त्यांनी खुंटीला ओळीनं बांधले होते. पहिला गुलाबी, मग त्याहून फिका, मग त्याहून. पुढची होळी जवळ आली तेव्हा एका सकाळी त्यांनी वाळलेलं सूत हातात घेतलं, अंगणात नेऊन बघितलं, मला बोलावलं. "पाह्य वं शकू, तुह्ये डोळे चांगले हायेत." मी पाहिलं. पांढरं होतं. मग आईला बोलावलं. तिनं आपल्या आकाशी पातळावरच्या पांढऱ्या फुलावर ते ठेवून पाहिलं आणि फळीवरची वाटी काढून घासायला घेतली.

बाबांनी ती वाटी विहिरीच्या पाण्यानं भरली. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि काकूच्या अंगणात गेले. मी मागे. काकू सुपात गहू पाखडत होती, घरापुरताच, शेजारी रिकामा गंज. बाबांनी वाटी तिच्यासमोर ठेवली आणि वर तो सुताचा तुकडा. "वहिनी, वाटी लय दिवस ठेवली," एवढंच म्हणाले. काकूनं सूत उचललं, उजेडात धरलं. वाटीतल्या पाण्यात पाहिलं. मला वाटलं आता ती पिईल, किंवा फेकेल. तिनं सुपातला गहू गंजात ओतला आणि वाटीतलं पाणी त्यावर. मग मला म्हणाली, "उभी काय राहिली वं? बादली ओढ ना, एका वाटीनं भिजते काय गहू?" आणि आत हाक मारली, "सुने, बाहेर ये. शकू आली."

पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून बुदबुद बुदबुद आवाज आला. बाबा वाडीला निघाले होते, सायकल धरून तसेच उभे राहिले. सुनी धावत आली, हातात तीच वाटी, वाफाळलेली, पांढरा शुभ्र चीक आणि वर तेल. यावेळी ती सरळ चुलीपर्यंत आत आली. भिंतीवरून काकूचा आवाज आला, "शकूची माय, मीठ बरोबर हाय का सांगजो!" बाबांनी उभ्या-उभ्या पहिला घास घेतला, तोंड भाजलं, तरी मान हलवत राहिले. इतवारीतलं दुकान काकूला परत मिळालं नाही. ती पुढे दारोदार कुरडया विकायची आणि सुनी तिच्याबरोबर टोपली घेऊन जायची. शाळेत ती परत आलीच नाही, आणि ते मी आजवर विसरले नाही. पण त्या सकाळी आम्ही चौघांनी ती वाटी बोटांनी निपटून खाल्ली. मग आईनं ती धुतली, पुसली, आणि साखरेचा डबा उघडला.